जिवंत पावडर आणि झेंझीची बिअर

अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये त्या रविवारी डिशवॉशरला हार घालायचाच काय तो बाकी राहिला होता. एरवी नाताळात गावातली पोरं ज्या मंचावर नाटक करतात, तिथे एक पांढरं डिशवॉशर मांडलं होतं आणि अख्खं स्टाइनरॉइट गाव त्याच्यासमोर श्वास रोखून बसलं होतं. यंत्राच्या पोटात पाणी खळखळत होतं. पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, तोंड उघडं टाकून बसलेला पांढऱ्या मिशांचा जो इसम होता, तो मी. अलोइस प्रेसल, निवृत्त मास्तर. विषय रसायनशास्त्र. हे शेवटचं वाक्य लिहिताना माझी कानशिलं गरम होतात, पण लिहिणं भाग आहे.

मंचावर व्हॅलेंटिन श्टुर्म नावाचा गृहस्थ अनवाणी उभा होता. खादीसारखा जाडाभरडा सदरा, खांद्यापर्यंत केस, आणि आवाज असा की ऐकताना माणसाला आपोआप झोपेत असल्यासारखं वाटावं.

"ऐका," तो यंत्राला कान लावून म्हणाला. "पाणी गातंय. तुमच्या घरात ते गात नाही, माझ्या प्रिय जीवांनो. तुमच्या घरात ते किंचाळतं. तुम्ही कारखान्यातली ती निळी वडी टाकता, दार लावता आणि टीव्ही बघायला जाता. आत पाण्याचा खून होतो!"

मागच्या रांगेत कुणीतरी खरोखर हुंदका दिला.

यंत्र सुरू करण्याआधी त्यानं ग्लासांचं एक खोकं आमच्यात फिरवलं होतं. सगळे ग्लास पांढुरके, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखे. आम्ही एकेकानं अंगठ्यानं घासून पाहिलं, ढिम्म फरक पडला नाही. मग त्यानं आमच्या डोळ्यांदेखत पावडर केली. धुण्याचा सोडा, मीठ, लिंबूसत्त्व, वर किसलेला साबण. "हे सगळं तुम्ही घरी करू शकता," तो म्हणाला. "मी काहीही विकायला आलेलो नाही. पण ही पावडर अजून मेलेली आहे. तिला आई हवी." आणि त्यानं कापडी पिशवीतून चमचाभर पांढरी 'आई' काढून त्यात घातली, वरून पाणी शिंपडलं. पावडर फसफसली, फुगली, वाडग्याच्या काठावर आली.

"जागी झाली!" व्हॅलेंटिन कुजबुजला.

यंत्र थांबलं. दार उघडलं. वाफेच्या ढगातून त्यानं एक ग्लास काढून दिव्यासमोर धरला, आणि त्यातून पलीकडचा दिवा लख्ख दिसला. बायकांनी छातीवर क्रूस काढला. इग्नाझ म्हणजे आमच्या गावातला बिअर गाळणारा सर्वांत तिरसट माणूस, ज्यानं आजवर पाद्र्याच्या प्रवचनालासुद्धा बरं म्हटलेलं नाही. तोही टाळ्या वाजवू लागला. मी मात्र विज्ञानाचा माणूस. मी बसून टाळ्या वाजवल्या नाहीत. मी उभं राहून वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर व्हॅलेंटिन सरळ माझ्याकडे आला. माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही रसायनशास्त्राचे ना? तुमच्या चेहऱ्यावरच दिसतं. तुमच्यासारख्या माणसाला हे लगेच कळतं. बाकीच्यांना वेळ लागतो."

एवढं पुरेसं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या चेहऱ्यावर काही दिसतं असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी आईच्या दोन बरण्या घेऊन घरी आलो. एक आमच्यासाठी आणि एक झेंझीसाठी. आणि हो, विकायला तो आला नव्हताच. त्या बरण्यांसाठी आम्ही त्याला 'आभार' दिले, आणि आभारांचा दर पाटीवर लिहिलेला होता.

झेंझी आमची शेजारीण. तिचा नवरा बार्टल गेल्या हिवाळ्यात गेला. त्यांच्या घराला बिअरचा हक्क आहे. आमच्याकडे गावाची एकच भट्टी आहे, सगळी हक्काची घरं तिथे आळीपाळीनं बिअरसाठी जवाचा काढा उकळतात, आपापल्या तळघरात आंबवतात, आणि ज्याची बिअर तयार झाली त्यानं दारावर काठीला सहा टोकांची चांदणी लावायची. चांदणी दिसली की गाव त्याच्या बैठकीत जाऊन बसतं. यंदा पहिल्यांदाच झेंझी एकटीच्या नावावर चांदणी लावणार होती. चाळीस वर्षं काढा ढवळायला ती होती, यीस्ट कधी घालायचं ते ती ठरवायची, चव घेणारी तीच. पण गावात म्हणायचे 'बार्टलची बिअर'. आता बार्टल नाही. इग्नाझनं हक्कदारांच्या सभेत आधीच विषय मांडला होता. झेंझीला जमलं नाही तर तिची भट्टीवरची पाळी त्याच्या घराला द्यावी. सभेनं ठरवलं, बाईला एक संधी देऊ. शरदातली तिची चांदणी, त्यानंतरच्या रविवारी निर्णय.

म्हणून मी तिला बरणी नेऊन दिली. ग्लास चमकतील, लोक खूश होतील, एवढाच माझा विचार.

"मास्तर, यात नक्की काय आहे?" तिनं बरणी हुंगत विचारलं.

"आई," मी म्हणालो.

"कोणाची?"

मी विषयाला बगल देऊन व्हॅलेंटिनकडून ऐकलेल्या पाण्याच्या स्मरणशक्तीबद्दल बोललो. बराच वेळ बोललो. तिनं शेवटी बरणी घेतली ती माझी सुटका करायला, असं मला आता वाटतं.

घरी माझं काम जोरात सुरू झालं. व्हॅलेंटिनचा नियम होता, चंद्र वाढता असताना पावडर डावीकडून ढवळायची, उतरता असताना उजवीकडून. हेडविग, माझी बायको, दारात उभी राहून बघायची.

"अलोइस, आज चंद्र कुठे आहे?"

"वाढतोय."

"मग तू उजवीकडे का ढवळतोयस?"

मी हात थांबवला आणि सगळी पावडर परत डावीकडून ढवळली. आपला बिअरचा मग मात्र तिनं यंत्रातून काढून घेतला आणि बजावलं, "माझा मग या लफड्यात नको. मी हातानं धुते."

पहिल्याच धुण्याला घराचं काय झालं ते सांगतो. मी डिशवॉशर लावून अभ्यासाच्या खोलीत वाचत बसलो होतो. स्वयंपाकघरातून हेडविगनं हाक मारली, अगदी शांत आवाजात, आणि चाळीस वर्षांच्या संसारात मला कळलेलं आहे की तिचा शांत आवाज म्हणजे आग लागलेली असते. गेलो तर डिशवॉशरच्या दारातून फेस बाहेर येत होता. थांबतच नव्हता. टेबलाचे पाय बुडाले, मग मांजर दिसेनासं झालं, आणि मी त्या पांढऱ्या ढिगात गुडघ्यापर्यंत उभा राहून व्हॅलेंटिनला फोन लावला.

"उत्तम!" तो पलीकडून ओरडला. "फार सुंदर! यंत्र ओकतंय! इतक्या वर्षांचं विष बाहेर पडतंय!"

"अहो, पण माझं मांजर..."

"मांजराला कळतं, प्रिय जीवा. मांजराला सगळं कळतं."

मांजराला कळलं होतंच. ते आठवडाभर शेजारी राहायला गेलं. व्हॅलेंटिननं मग उपाय दिला. साबण थोडा कमी करा, आणि शेवटच्या पाण्यासाठी यंत्रात जो चकाकीचा छोटा कप्पा असतो त्यात व्हिनेगर भरा. आंबट पडलं की जोश निवतो. मी तसं केलं, फेस खरंच थांबला. मी इतका हरखलो की हा उपाय घरोघरी जाऊन सांगितला. झेंझीलाही सांगितला. तिच्या बैठकीमागच्या मोठ्या डिशवॉशरमध्ये मी स्वतः, या हातांनी, व्हिनेगर भरून दिलं.

चांदणी लागली त्या शुक्रवारी झेंझीची बैठक ओसंडून वाहत होती. डुकराचं थंड मांस, मुळा, काळी पाव-भाकर, सगळं जागच्या जागी. ग्लास चमकत होते. झेंझीनं पहिली बिअर इग्नाझला दिली, कारण त्याचं तोंड बंद झालं की गावाचं होतं. बिअर ओतताना फेस बोटभर चढला. ती ग्लास टेबलावर ठेवून हात पुसते न पुसते तोच फेस बसला. फुगा टोचावा तसा. वर राहिलं ते नुसतं पिवळं, सपाट पाणी दिसावं तसं काहीतरी.

इग्नाझनं ग्लासात डोकावून पाहिलं. कुणीही नजर वळवली नाही, सगळे पाहत होते.

"बार्टलच्या बिअरच्या फेसावर काडी उभी राहायची," तो म्हणाला. मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल असं.

दुसरा ग्लास, तिसरा ग्लास. सगळ्यांचं तेच. शनिवारी गर्दी निम्मी झाली. जे आले ते हळू आवाजात बोलत होते, जसं आजाऱ्याच्या खोलीत बोलतात. झेंझी ग्लास घेऊन येताना लोक तिच्या हाताकडे बघायचे. एका म्हातारीनं तर उघडच म्हटलं की घरातला पुरुष गेला की तळघर दुखावतं. आणि मी? मी बाजूला बसून मान डोलावत होतो. बिअर हे किती नाजूक रसायन आहे, त्यात हाताची सवय किती महत्त्वाची, असलं काहीतरी मी शेजारच्याला समजावत होतो. बार्टलच्या हातात काहीतरी असणार, असंही म्हटल्याचं आठवतं. रसायनशास्त्र!

बैठक रिकामी झाल्यावर झेंझीनं मला थांबवलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"मास्तर, मला खरं सांगा. तो व्हॅलेंटिन सकाळी येऊन गेला. म्हणाला, बिअरमध्ये माझा शोक उतरलाय. पाणी ऐकतं म्हणे. पिंपात त्यानं आणलेली दुसरी आई घातली तर सुटेल. शोकमुक्ती." तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मला हसायचं होतं हो. पण खरं सांगते, भट्टीवर ढवळताना मी रडले होते. बार्टलची आठवण आली. अश्रू पडले असतील आत. मग वाटतं, खरंच का काय? माझ्यामुळेच गेली का बिअर?"

मी काय बोलावं? माझ्या डोक्यात चंद्र, आई आणि पाण्याची स्मरणशक्ती गर्दी करत होती. मी म्हणालो, "बघू या." म्हणजे काहीच म्हणालो नाही.

"उद्या सभा आहे," ती म्हणाली. "सभेच्या आधी तो येणार आहे. मी हो म्हटलंय. आणि नाही सुटलं तर मी स्वतःच इग्नाझला पाळी देऊन टाकते. लोकांनी माझ्या हाताकडे असं बघितलेलं मला सहन होत नाही."

मी घरी आलो तो रया गेलेल्या चेहऱ्यानं. हेडविगनं झेंझीकडून निघताना सुरईभर बिअर घरी आणली होती. बैठकीत बसून मेलेल्या माणसाच्या कौतुकाचे सूर ऐकण्यापेक्षा घरी पिते, म्हणाली होती. ती टेबलाशी बसली होती, तिच्या त्या हातानं धुतलेल्या मगात बिअर होती, आणि मगावर फेस होता. पांढरा, घट्ट, काठाच्या वर आलेला. मी पाहत राहिलो. ती एक घोट घ्यायची, फेस मगाच्या आतून खाली उतरायचा आणि भिंतीला पांढरी कडी सोडायचा.

"ही कुठली?" मी विचारलं.

"झेंझीचीच. का?"

मी कपाटातला माझा ग्लास काढला, डिशवॉशरमधला, लखलखीत. त्याच सुरईतून ओतली. फेस चढला, आणि माझ्या डोळ्यांसमोर बसला.

मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मगाला वाढता चंद्र मिळाला असेल.

"चंद्राला सोड," हेडविग म्हणाली, कारण मी ते मोठ्यानं बोललो होतो. "सुरई एक. बिअर एक. वेगळं काय आहे ते बघ."

वर्गात बाकावर बसलेल्या पोरांना मी आयुष्यभर हेच सांगितलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशानं काय झालं ते कळतं. आता ते मला माझ्याच बायकोनं सांगितलं. मी माझ्या लखलखीत ग्लासाच्या आतून बोट फिरवलं. बोट सरकलं, जसं लोण्याच्या भांड्यात सरकतं. ग्लास चमकत होता तो ओशटपणामुळे.

मग मी असा धावलो की जिन्यावर सपाता राहिल्या. बरणीभर कोमट पाण्यात तोच किसलेला साबण विरघळवला आणि वरून व्हिनेगर ओतलं. पाणी एकदम दुधाळ झालं, आणि थोड्या वेळात वर पांढऱ्या, चिकट गुठळ्या तरंगू लागल्या. साबण तेल-चरबीपासून होतो. त्यावर आंबट ओतलं की ती चरबी परत सुटी होते. नववीचा प्रयोग. मी तो किती पोरांकडून करून घेतला, देव जाणे. आणि गावात घरोघरी जाऊन साबणावर व्हिनेगर ओतायला शिकवणारा माणूसही मीच. चरबी लागली की बिअरचा फेस उभा राहत नाही, हे तर आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. ओठ तेलकट असले की बाप ओरडतो.

"म्हणजे झेंझीच्या बिअरला काही झालेलं नाही," हेडविग म्हणाली.

"काही नाही."

"आणि तिच्या अश्रूंनाही काही झालेलं नाही."

"नाही."

"मग उठ. आणि तुझी ती आई घेऊन चल. तिचंही बघू."

रविवारी झेंझीची बैठक परत भरली. हक्कदार सगळे होते, सभा तिथेच व्हायची होती. व्हॅलेंटिन अनवाणी आला, हातात नवी पिशवी, आणि त्याचं ते अंधूक ग्लासांचं खोकं दारात ठेवलेलं, कारण संध्याकाळी त्याचा शेजारच्या गावात कार्यक्रम होता. त्यानं डोळे मिटले. "या घरात मला रडणं ऐकू येतंय," तो म्हणाला. "भिंतीत. पिंपात. पाण्यात."

"मलाही ऐकू येतंय," मी उठून म्हणालो, "पण ते माझं असणार. थांबा जरा."

मी दोन ग्लास मागवले. एक झेंझीच्या डिशवॉशरमधला, दुसरा मी तिथेच सोडा घालून गरम पाण्यानं हातानं घासला, स्वच्छ पाण्यानं धुतला. इग्नाझचे डोळे त्याच्याच रुमालानं बांधले, म्हणजे त्याला पुढे काही बोलायला जागा नको. झेंझीनं एकाच पिंपातून दोन्ही ग्लास भरले. एकात फेस बसला. दुसऱ्यात उभा राहिला. इतका उभा, की मागच्या बाकावरचे लोक उठून आले.

इग्नाझनं डोळे बांधलेलेच ठेवून दोन्ही चाखल्या. "ही पातळ लागते," त्यानं पहिलीला म्हटलं. दुसरीचा त्यानं लगेच आणखी एक घोट घेतला. मग ओठ चाटले. "ही बार्टलची आहे. कुठून आणलीत?"

कुणी हसलं नाही. झेंझीनं त्याच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला. त्यानं दोन ग्लास पाहिले, मग तिच्या हातातली पिंपाची तोटी पाहिली.

"संशय पाण्याला कळतो," व्हॅलेंटिन घाईनं म्हणाला. "संशयानं ऊर्जा..."

"मला एक सांगा," मी म्हणालो. "तुमची पावडर आईशिवाय मेलेली असते ना?" आणि मी वाडग्यात सोडा, मीठ, लिंबूसत्त्व आणि साबण मिसळले. आई घातली नाही. पाणी शिंपडलं. फसफसून काठापर्यंत आली. सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र आले आणि पाणी पडलं की ते फसफसणारच, आई असो वा आजी. मंचावर तो पाणी नेहमी आई घातल्यानंतरच शिंपडायचा, एवढंच.

"आणि ही आई," हेडविग म्हणाली आणि पर्समधून जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीन काढलं. एक थेंब बरणीतल्या आईवर. निळा-काळा डाग पसरला. एक थेंब स्वयंपाकघरातल्या बेकिंग पावडरवर. तोच निळा-काळा डाग. आमच्या दुकानातल्या बेकिंग पावडरमध्ये मक्याचं पीठ असतं, आणि पिठाला आयोडीन लागलं की ते असंच निळं पडतं. केकची पावडर, बरणीत घालून, कापडी पिशवीतून.

"मी तुम्हाला केक खायला घालणार होते," मागून एक बाई व्हॅलेंटिनला म्हणाली. "तेव्हा बरं तुम्हाला दुकानातलं पीठ चालत नव्हतं!"

शेवटी मी दारातल्या खोक्यातला एक अंधूक ग्लास घेतला, फडक्यावर व्हिनेगर ओतलं आणि पुसलं. ग्लास निर्मळ झाला. तो पांढरेपणा चुन्याचा होता, जड पाण्याचा. आमच्या गावात ग्रॅनाइट आहे, पाणी हलकं, आमच्या ग्लासांवर असा थर कधी बसतच नाही. ते ग्लास त्यानं चुनखडीच्या भागातून आणले होते, आणि मंचावरच्या यंत्रात आधीच आंबट घातलेलं असणार. त्या रविवारी आम्ही अंगठ्यानं घासत बसलो. व्हिनेगरचं फडकं आणायचं कुणाला सुचलं नाही, आणि ज्याला सुचायला हवं होतं तो उभा राहून टाळ्या वाजवत होता.

व्हॅलेंटिननं सगळ्यांकडे फार दयाळूपणे पाहिलं. "तुम्ही अजून तयार नाही," तो म्हणाला आणि खोकं उचललं.

"थांबा, बिअर पिऊन जा," झेंझी म्हणाली. "तुम्ही चमकवलेल्या ग्लासातून."

तो थांबला नाही. अनवाणी माणूस खडीवरून इतक्या वेगानं जाऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

सभा झाली. झेंझीची पाळी झेंझीकडेच राहिली. इग्नाझनं सर्वांत आधी हात वर केला, पण डोळे खालीच ठेवले. मग तो तिच्याजवळ गेला. "झेंझी, चुकलो," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "बस. ग्लास हातानं धुऊन देते." तेव्हा कुठे लोक हसले, आणि तिनं पहिल्यांदाच सगळ्यांसमोर डोळे पुसले, कशाची लाज न बाळगता.

आता थोडं माझ्याबद्दल. घरी डिशवॉशरची पावडर करायला काही हरकत नाही. सोडा चांगला असतो, फक्त साबण घालू नका, आणि ग्लास धुतल्यावर आतून बोट फिरवून पहा. कुणी चमत्कार दाखवला तर त्यानं आणलेला ग्लास न घेता स्वतःच्या घरचा ग्लास पुढे करा, आणि ज्यानं तो दाखवला त्याचा हात लागू न देता पुन्हा करून बघा. एवढं केलंत तर माझ्यासारखं गुडघाभर फेसात उभं राहून मांजर शोधायची वेळ येणार नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते दुसरंच. व्हॅलेंटिनला आम्ही फसलो, ते मी समजू शकतो. त्याच्याकडे मंच होता, दिवा होता, गोड आवाज होता, आणि माझ्यासारखा मूर्ख पहिल्या रांगेत होता. झेंझीच्या बिअरचा फेस बसला तेव्हा मात्र आमच्यापैकी एकानंही ग्लास हातात घेऊन उलटा करून पाहिला नाही. कुणाला गरजच वाटली नाही. विधवा बाई एकटी बिअर करते म्हटल्यावर ती बिघडणारच, हे उत्तर आमच्याकडे आधीपासून तयार होतं. ते आम्हाला कुणी अनवाणी माणसानं विकलं नव्हतं. त्यासाठी बरणी लागली नाही, चंद्र लागला नाही, आई लागली नाही. ते आम्ही आमच्याच घरात, पिढ्यान् पिढ्या, स्वतःच्या हातांनी केलेलं होतं.